बाभळीची साल, बाभळीचा डिंक

'दप्तर' हा शब्द आपण पहिलीत शिकतो आणि नंतर त्याच्याकडे परत कधी बघत नाही. दप्तर भर, दप्तर उचल, दप्तर विसरलास का? पुढे सरकारी कामं मागे लागली की तोच शब्द दप्तरदिरंगाई म्हणून भेटतो, तेव्हाही आपण तो तसाच गिळतो. मध्यंतरी एका रात्री प्रॉडक्शनला रिलीज चालू होता आणि माझ्याकडे स्क्रीनकडे बघत बसण्यापलीकडे काम नव्हतं, तेव्हा मी या शब्दाच्या मागे लागलो. मराठीत तो फारसीतून आला हे साधारण माहीत होतं. फारसीच्या मागे ग्रीक निघेल असं वाटलं नव्हतं. ग्रीक शब्द आहे 'दिफ्थेरा'. अर्थ: कमावलेलं कातडं.

हिरोडोटसनं लिहून ठेवलंय की आयोनियन ग्रीक लोक पपायरसच्या गुंडाळ्यांनासुद्धा 'कातडी'च म्हणायचे. कारण एके काळी पपायरस मिळायचा नाही तेव्हा ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यावर लिहायचे. सामान बदललं, नाव राहिलं. घटसर्पाचं इंग्रजी नाव 'डिप्थेरिया' हेही त्याच शब्दातून आलेलं, कारण त्या आजारात घशात चामड्यासारखा पापुद्रा धरतो. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले असतात, आणि तरी त्या सगळ्या संग्रहाचं नाव कातड्याचंच आहे.

हे वाचून मला आधी हसू आलं आणि मग थोडा रागही आला. रागाचं कारण आमच्या घरात आहे. पण त्याआधी माझ्या छंदाबद्दल सांगायला हवं.

मी जुन्या चामडी रायटिंग केस जमवतो. मराठीत याला नेमका शब्द नाही. कलमदान म्हणावं तर ते लेखण्या आणि दौतीपुरतं. भंगारवाले 'लेदर फाइल' म्हणतात. मी नुसतं 'केस' म्हणतो. बंद असताना ती मोठ्या वहीएवढी दिसते. उघडली की एका बाजूला टीपकागदाचं पॅड, दुसऱ्या बाजूला कप्पे. कोऱ्या कागदांचा मोठा कप्पा, पाकिटांचा मधला, पोस्टाच्या तिकिटांचा दोन बोटांएवढा. कडेला पेन अडकवायला चामड्याची पट्टी. काहींना पितळी कुलूपही असतं, फक्त किल्ली असलेली केस मला अजून भेटलेली नाही.

ही वस्तू पत्रांच्या जमान्यातली. ब्रिटनमध्ये १८४० साली एक पेनीत कुठंही पत्र जायला लागलं. आपल्याकडे १८५४ मध्ये देशभर एकच दर झाला: पाव तोळ्याचं पत्र, अंतर कितीही असो, अर्ध्या आण्यात. १८६० साली रेल्वे सोलापूरपर्यंत आली. १८७९ साली पाव आण्याचं पोस्टकार्ड निघालं. पत्र लिहिणं स्वस्त झालं आणि त्याच काळात माणसं घरापासून लांब राहायला लागली, त्यामुळे लिहिण्याचं सगळं सामान एकत्र नेता येईल अशी वस्तू लागायला लागली. त्याआधी लाकडी पेट्या होत्या. जेन ऑस्टिनची तशी पेटी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. प्रवासात लाकूड जड पडतं, म्हणून चामडं आलं. १८९१ मध्ये मुंबईत आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचं दुकान उघडलं. साहेबलोकांना कॅम्पवर लागणारं सगळं काही विकणाऱ्या त्या दुकानाच्या कॅटलॉगात अशा केसही असायच्या.

माझी पहिली केस पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली. २०१९ साल. इंजिनिअरिंग संपवून पहिली नोकरी लागली होती आणि मी लॅपटॉपचं कव्हर शोधत होतो. विकणारा म्हणाला, "साहेब, आयपॅडला एकदम फिट बसंल." माझ्याकडे आयपॅड नव्हता. तरी ३५० रुपयांना घेतली. खोलीवर येऊन उघडली तर तिकिटांच्या कप्प्यात कुणाचा तरी अर्धा कापलेला पोस्टाचा शिक्का होता आणि एक वाळलेली निब. मला एकच गोष्ट भावली: यातल्या प्रत्येक वस्तूची जागा आधीपासून ठरलेली होती. आम्ही दिवसभर जे फोल्डर, टॅब आणि ड्राफ्ट उघडे ठेवून बसतो त्यापेक्षा हे फार शहाणपणानं बनवलेलं वाटलं. उघडलं की लिहायचं, दुसरं काही करता येत नाही.

पुढच्या वर्षी लॉकडाऊन लागलं, मी सोलापूरला घरी आलो, आणि कंपनीनं परत बोलावलं नाही म्हणून इथंच राहिलो. आता माझ्याकडे सात केस आहेत. दोन पुण्याच्या, एक मुंबईच्या चोरबाजारातली, एक ऑनलाइन लिलावातली आणि तीन इथल्याच. सोलापुरात जुने वाडे आणि बंगले पाडून अपार्टमेंट उभी राहतायत, तेव्हा आतलं सामान भंगारात जातं. वजनावर विकलं जातं. लोखंडाला भाव असतो, रद्दीला असतो. चामड्याला नसतो.

अशाच एका केसमधला टीपकागद अजून शाबूत आहे. टीपकागदावर अक्षरं उलटी उमटतात. मी फोटो काढून फोनवर आडवा उलटा केला. चार-पाच पत्रांच्या ओळी एकमेकींवर चढलेल्या, सगळं इंग्रजीत. नीट लागलं ते एवढंच: जुन्या स्पेलिंगमधलं 'शोलापूर', आणि एका ओळीत 'पाऊस नाही'. कुणी, कुणाला, कोणत्या साली, काही कळत नाही. पण सोलापूरवरून लिहिलेल्या पत्रात दुसरं काय असणार, असंही वाटलं.

*

आमचं घर कक्कय्या समाजातलं. कातडं कमावणं हा पिढीजात धंदा. बाराव्या शतकात, बसवण्णांच्या काळात, याच धंद्यातले कक्कय्या शरण होऊन गेले आणि त्यांची कन्नड वचनं आजही वाचायला मिळतात. आमच्या गल्लीत त्यांच्या नावानं जयंती होते, फोटोला हार घातला जातो. पण आमच्या घरात शंभर वर्षांपूर्वी कुणाला लिहिता येत होतं का, असं विचारलं तर उत्तर नाही असं आहे.

आज्जा शाळेत दुसरीपर्यंत गेले. वर्गात बाकीची पोरं लांब सरकून बसायची. कारण विचारलं की वासाचं सांगायची. कारण तेवढंच नव्हतं हे पोरांनाही माहीत होतं आणि मास्तरांनाही. पुढं त्यांच्या वडिलांना हाताखाली माणूस लागला आणि शाळा सुटली. आज्जांना सही करता येते. सही करताना ते पूर्ण नाव मोठ्यानं म्हणतात, अक्षरागणिक.

पप्पा मात्र शिकले आणि बँकेत लागले. क्लार्क म्हणून लागले, हेडकॅशिअर होऊन निवृत्त झाले. पप्पांच्या कमरेला आजही कापडी पट्टा असतो. बूट कॅनव्हासचे, पाकीट रेक्झिनचं. लहानपणी मला वाटायचं की हा काटकसरीचा भाग आहे. मी पुण्याहून दोन केस घेऊन आलो आणि हॉलमधल्या टेबलावर ठेवल्या, तेव्हा पप्पांनी त्या उचलून बाल्कनीत नेऊन ठेवल्या. मग म्हणाले, "ज्या वासातनं बाहेर पडायला आमच्या दोन पिढ्या गेल्या, तो वास तू पैसे देऊन घरात आणतोयस?"

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं होतंही काय? माझ्या पिढीला चामड्याचा वास म्हणजे नव्या गाडीची सीट, शोरूममधलं महाग पाकीट. इन्स्टाग्रामवर 'जुनं लेदर' म्हटलं की कॉफीचा कप आणि फाउंटन पेनचा फोटो येतो. चुन्याच्या हौदात गुडघाभर उभं राहून कातड्याचे केस खरवडणारा माणूस त्या फोटोत नसतो. पप्पांना तो माणूस आधी दिसतो, कारण तो त्यांचा बाप आहे.

जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, आरडाओरडा झाला आणि मग कंपनीनं त्यांचं भारतीय मूळ मान्य केलं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिमानाचे मेसेज फिरले. कोल्हापुरी चपलेचं २०१९ चं जीआय मानांकन आठ जिल्ह्यांचं आहे आणि त्यात सोलापूरही येतो, हे मी पप्पांना सांगितलं. पप्पा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "इटलीत वास येत नसेल."

*

आज्जांनी केस पहिल्यांदा हातात घेतली ती बाल्कनीतच. मला वाटलं, उघडून बघतील. त्यांनी उघडलीच नाही. कडेवर अंगठ्याचं नख ओढलं, कोपरा वाकवून पाहिला, नाकाशी नेली आणि मी काही म्हणायच्या आत कडेला जीभ लावली.

"ह्ये झाडाचं," म्हणाले. "क्रोमचं न्हवं."

चामडं कमावायच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. एक जुनी: झाडांच्या साली, फळं, पानं यांतलं टॅनिन कातड्यात मुरवायचं. आमच्याकडे बाभळीची साल आणि हिरडा. आधी चुना, मग केस काढणं, मग सालीचं पाणी. कातडं पिशवीसारखं शिवून त्यात ते पाणी भरायचं आणि टांगून ठेवायचं, म्हणजे ते झिरपत झिरपत मुरतं. यात आठवडे जातात. दुसरी तऱ्हा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आली, क्रोमियमच्या क्षारांची. आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. जगातलं बहुतेक चामडं आता तसंच होतं. क्रोमचं चामडं कापलं की कडेला आतून निळसर करडी झाक दिसते, झाडाचं असेल तर आरपार तपकिरी. हे मी इंटरनेटवर वाचलेलं. आज्जांना जिभेला जो तुरटपणा लागला तो कुठल्या व्हिडिओत नव्हता.

एकेक करून त्यांनी सातही केस तपासल्या. दोन क्रोमच्या निघाल्या, म्हणजे मला वाटत होत्या तेवढ्या जुन्या नसाव्यात. एक शेळीची, "पाठीकडचं कातडं हाय, पोटाकडचं असतं तर ढिलं पडलं असतं." शिलाईवरून बोट फिरवताना ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "ह्यात काय ठेवत्यात?"

"कागद, पाकिटं, पेन. पत्र लिहायचं सामान."

"आन् त्येच्यासाठी एवढं चांगलं चामडं?"

त्यांच्या आवाजात कौतुक होतं की तक्रार, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याच संध्याकाळी बोलता बोलता शाईचा विषय निघाला. मी कॅमलची रॉयल ब्लू भरत होतो. आज्जा म्हणाले, ही काय शाई, ही पाण्यानं जाते. मग त्यांनी चामडं काळं कसं करायचे ते सांगितलं. हिरड्याचं पाणी आणि हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. दोन्ही एकत्र आले की काळं होतं आणि ते काळं मग निघत नाही. मी हातातलं पेन खाली ठेवलं. कारण हीच शाईचीही कृती आहे. टॅनिन आणि लोह. युरोपात हजारेक वर्षं दस्तऐवज याच तऱ्हेच्या शाईनं लिहिले गेले, तिकडे हिरड्याऐवजी ओकच्या झाडावरच्या गाठी वापरायचे. आपल्याकडची दुसरी शाई काजळीची: काजळी बाभळीच्या डिंकात घोटायची.

म्हणजे बाभळीच्या सालीत कातडं मुरायचं आणि त्याच बाभळीच्या डिंकात शाई घोटली जायची. हिरड्यानं कातडंही कमावलं जायचं आणि अक्षरंही काळी व्हायची. सामान सगळं एकाच रानातलं. गावाच्या एका टोकाला एक माणूस ते हौदात टाकत होता, दुसऱ्या टोकाला दुसरा माणूस दौतीत. पहिल्याच्या हाताला वास यायचा म्हणून त्याला लांब बसवायचे, दुसऱ्याच्या बोटाला शाई लागायची म्हणून त्याला पंत म्हणायचे. 'दप्तर' शब्दाचा मला राग आला होता तो याचसाठी. जगाला लिहिण्याचं नावसुद्धा कातड्यानं दिलं, आणि कातडं कमावणाऱ्याच्या पोराला दप्तर मिळायला विसावं शतक निम्मं सरावं लागलं.

*

माझ्या सातांपैकी एक केस मरते आहे. ऑनलाइन लिलावातली, इंग्लंडची. उघडली की हाताला विटकरी भुकटी लागते. याला 'रेड रॉट' म्हणतात. मी आधी तेल लावायच्या विचारात होतो, पण सवयीनं आधी डॉक्युमेंटेशन वाचायला बसलो.

१९०१ सालचा एक अहवाल आहे, लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सच्या समितीचा. ग्रंथालयांमधल्या जुन्या पुस्तकांची चामडी बांधणी टिकत होती आणि अलीकडची काही दशकांतच भुगा होत होती, त्याची कारणं शोधायला ही समिती बसली होती. कारणं दोन निघाली. एक हवा: गॅसचे दिवे आणि कोळशाचा धूर यांतलं गंधक चामड्यात शिरून आम्ल होतं. दुसरं टॅनिन. काही झाडांचं टॅनिन हे आम्ल सोसतं, काहींचं सोसत नाही. समितीच्या मते पुस्तकांसाठी अगदीच वाईट चामडं म्हणजे हिंदुस्थानातून येणारी शेळ्यामेंढ्यांची स्वस्त कातडी. बाजारात त्यांना 'पर्शियन' म्हणायचे. नावात पर्शिया, माल मद्रास इलाख्यातला. आणि ती कमावलेली असायची कशात, तर इंग्रजी मजकुरात शब्द होता 'टर्वार'.

तो शब्द मी दोनदा वाचला आणि मग मोठ्यानं वाचला. तरवड! आमच्याकडे माळावर, रस्त्याच्या कडेला, कुठंही उगवणारं पिवळ्या फुलांचं झुडूप. त्या साहेबांच्या अहवालात तरवड आरोपी म्हणून उभा होता. चामडं इथून अर्धवट कमावून बोटीनं तिकडे जायचं, तिकडे त्याच्या वस्तू व्हायच्या, त्यातल्या काही पुन्हा साहेबांच्या सामानातून इकडे यायच्या. माझी भुकटी होणारी केस त्यातलीच आहे असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. म्हणून आज्जांकडे नेली.

त्यांनी भुकटी चिमटीत घेतली, चोळली. "तरवडाचं असंल," म्हणाले. "तरवडानं काम लवकर होतं, चामडं उजळ निघतं, गिऱ्हाईक खूश. टिकत न्हाई." समितीनं जे प्रयोगशाळेत शोधलं ते त्यांनी दोन बोटांत सांगितलं. फरक एवढाच की समितीचं म्हणणं छापलं गेलं.

ज्यांच्या घरी जुनं चामडं आहे त्यांच्यासाठी चार व्यावहारिक गोष्टी. विटकरी भुकटी पडत असेल तर तेल लावू नका, त्यानं चामडं आणखी काळं आणि ढिलं पडतं. रेड रॉट उलटवता येत नाही, थांबवता येतो. दुरुस्ती करणारे तज्ज्ञ हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज अल्कोहोलमध्ये विरघळवून हलक्या हातानं लावतात, त्यानं भुकटी बसते. धड चामड्याला खोबरेल लावू नका, डाग पडतात आणि पुढे खवट वास येतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात चामडं कोरडं पडून तडकतं, पावसाळ्यात बुरशी धरतं, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत कोंडण्याऐवजी सुती कापडात गुंडाळून हवेशीर ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वापरा. घडीवर घडी पडून राहिलेलं चामडं त्याच घडीवर फाटतं.

*

वापरायचं म्हणजे पत्र लिहायचं. पण कुणाला? माझी सगळी माणसं व्हॉट्सॲपवर आहेत. सुरुवातीला मी मित्रांना लिहिली. त्यांनी पत्राचा फोटो काढून स्टेटसला ठेवला आणि उत्तर चॅटवर दिलं. त्यात कुणाचं चुकलं असं नाही, मीही तेच केलं असतं.

खरी गरज घरातच निघाली. आज्जांचे धाकटे भाऊ धारावीत असतात. आम्ही त्यांना धाकटे आज्जा म्हणतो. साठच्या दशकात ते सोलापूरहून तिकडच्या टॅनरीत कामाला गेले आणि तिथंच राहिले. तिकडे रात्रशाळेत वाचायला शिकले, पेपर अथपासून इतिपर्यंत वाचतात. गेल्या काही वर्षांत त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येईनासं झालंय. कानातलं यंत्र घेऊन दिलं, ते शिट्टी वाजवतं म्हणून डबीत पडून आहे. व्हिडिओ कॉल लावला की दोघं भाऊ एकमेकांकडे बघतात, आज्जा इकडून ओरडतात, ते तिकडून हात हलवतात आणि दोन मिनिटांत कॉल संपतो.

एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला लिहिता येत नाही. मेसेज टाइप करून पाठवायचा पर्याय होताच, पण धाकट्या आज्जांकडे फोन नाही. नातीचा फोन ती कामावर नेते. तेव्हा मी शेळीच्या चामड्याची ती केस उघडली, अडीच रुपयांचं आंतर्देशीय काढलं आणि आज्जांना म्हटलं, सांगा.

त्यांना सांगता येईना. फोनवर तासभर बोलणारा माणूस कोऱ्या कागदापुढं अवघडून बसला. शेवटी मीच सुरुवात केली. मोठ्यानं धाकट्याला लिहायचं म्हणजे 'चिरंजीव' आणि 'आशीर्वाद'. ८० च्या आसपासच्या माणसाला चिरंजीव म्हणायचं या कल्पनेनं आज्जा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मग गाडी सुटली. गल्लीच्या तोंडची बाभळ रस्त्याच्या कामात तोडली. अमुक वारला, तमुकच्या सुनेला मुलगी झाली. पाऊस नाही. ते लिहिताना मला भंगारातल्या केसमधला टीपकागद आठवला.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. मोठ्या, सुट्या अक्षरांत, पेन्सिलीनं. मी ते आज्जांना वाचून दाखवलं. हवापाणी, गुडघे, नातीची नोकरी. शेवटी एक परिच्छेद होता. मुंबईला निघताना तू मला बारा रुपये दिले होतेस, त्या महिन्याची तुझी मजुरी. वडिलांना कळू दिलं नाहीस. ते पैसे मी परत करणार होतो ते राहून गेलं. फोनवर पोरं आजूबाजूला असतात म्हणून कधी बोललो नाही.

ही गोष्ट आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हती. पप्पा दारात उभे होते, त्यांनाही नाही. आज्जांनी पत्र माझ्या हातातून घेतलं आणि त्यांना वाचता येत नसलेल्या त्या ओळींवरून बोट फिरवलं, शिलाईवरून फिरवलं होतं तसंच. बऱ्याच वेळानं म्हणाले, "लिव्ह. पैशाचं काढू नको म्हनावं. त्या टायमाला बारा रुपयं लई न्हवते."

बारा रुपये तेव्हा लई होते. मी त्यांनी सांगितलं तेच लिहिलं.

तेव्हापासून महिन्याला एक पत्र जातं. केस अजून बाल्कनीच्या दारापाशीच्या स्टुलावर असते. हॉलच्या टेबलावर ठेवायचा विषय मी परत काढलेला नाही आणि पप्पांनीही त्यांचं म्हणणं बदललेलं नाही. त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं मला वाटतही नाही. आज्जांना वस्तूतली कारागिरी दिसते, पप्पांना तिची किंमत दिसते, आणि मला दोन्ही ऐकीव आहे.

फक्त एक बदल झाला. दुसऱ्या पत्राच्या वेळी मी आंतर्देशीयावर धारावीचा पत्ता लिहीत होतो. माझं अक्षर कीबोर्डनं पार बिघडवलंय. पप्पा मागून बघत होते. म्हणाले, "हे पोस्टमनला लागायचं नाही. इकडं आण." आंतर्देशीय घेऊन ते हॉलमधल्या टेबलाशी गेले, शर्टाच्या खिशातलं स्वतःचं बॉलपेन काढलं आणि बँकेच्या लेजरमध्ये लिहायचे त्या अक्षरात पत्ता लिहिला. पिन कोडचे सहा आकडे सहा चौकोनांत, एकही रेघ बाहेर नाही. मग पाठवणाऱ्याच्या जागी आज्जांचं पूर्ण नाव.

आता पत्ता तेच लिहितात. केसला हात लावत नाहीत. मी आंतर्देशीय घडी घालून त्यांना नेऊन देतो.